गॅसवरून इंडक्शनकडे जाताना शेगडी सर्वांत शेवटी घ्यावी

स्वयंपाकघरातील गॅस काढून इंडक्शन वापरायचे ठरले की बहुतेक जण आधी शेगडी विकत आणतात. घरी आणल्यावर निम्मी भांडी तिच्यावर तापतच नाहीत, तिचा प्लग जवळच्या सॉकेटमध्ये बसत नाही, आणि आठवडाभरात ती ओट्याच्या कोपऱ्यात सरकते. माझ्याही घरी सुरुवातीला हेच घडले आणि दोष शेगडीला दिला गेला. प्रत्यक्षात चूक क्रमाची होती. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: प्रथम भांडी तपासावीत, नंतर वीजजोडणी, त्यानंतर शेगडी घ्यावी, मग काही आठवडे हाताला नवी सवय लावावी, आणि ती पुरती लागल्यावरच गॅसची जोडणी बंद करावी.

या शेगडीत उष्णता नेमकी कोठे तयार होते हे एकदा समजले की पुढच्या जवळजवळ सर्व सूचना आपोआप पटतात. काचेसारख्या दिसणाऱ्या सिरॅमिकच्या पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक तारांचे सपाट वेटोळे असते. त्यातून सेकंदाला साधारण 20 हजार ते 1 लाख वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि त्यामुळे वर सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे असे बदलते क्षेत्र धातूमध्ये विद्युतप्रवाह उत्पन्न करते. भांड्याच्या तळात हे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरतात आणि धातूच्या रोधामुळे तळच तापतो. लोखंडासारख्या चुंबकीय धातूत हा प्रवाह अगदी पातळ थरातून वाहतो, त्यामुळे त्याला रोध जास्त होतो आणि उष्णता भरपूर मिळते. तांबे आणि ॲल्युमिनियम चुंबकीय नाहीत आणि त्यांचा रोधही फार कमी असतो, म्हणून नेहमीच्या घरगुती शेगडीवर ती तापत नाहीत. काच आणि माती यांत तर प्रवाहच वाहत नाही. थोडक्यात, या व्यवस्थेत भांडे हा शेगडीचाच अर्धा भाग असतो.

भांड्यांची तपासणी

घरातील सर्व भांडी ओट्यावर पालथी मांडावीत आणि एक साधे लोहचुंबक घेऊन प्रत्येकाच्या तळाला लावून पाहावे. चुंबक घट्ट चिकटून बसले तर भांडे चालेल, अजिबात चिकटले नाही तर चालणार नाही, आणि जेमतेम चिकटून घसरू लागले तर ते भांडे तापेल पण रेंगाळत तापेल. चुंबक केवळ तळाच्या मध्यभागी लावून थांबू नये, कडेलाही चार ठिकाणी लावावे. काही ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या तळाला पोलादाची लहानशी चकती किंवा जाळीसारखी पातळ पट्टी दाबून बसवलेली असते. अशा भांड्यावर ‘इंडक्शनयोग्य’ असा शिक्का असला, तरी उष्णता त्या चकतीपुरतीच तयार होते आणि भांड्याच्या कडा थंड राहतात.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत अंदाज बांधू नये. 18/8 या नावाने ओळखले जाणारे स्टील बहुधा चुंबकीय नसते, तर 18/0 प्रकारचे असते, आणि दोन्ही दिसायला सारखीच चकाकतात. जाड तळाच्या चांगल्या भांड्यांत बाहेरून चुंबकीय पोलादाचा थर आणि त्याच्या आत उष्णता सर्वत्र पसरवणारा ॲल्युमिनियमचा थर असतो. नवी भांडी घ्यायचीच असतील तर याच बनावटीची घ्यावीत. बिडाची आणि एनॅमलचा मुलामा दिलेली लोखंडी भांडी उत्तम चालतात. अनेक घरांत अडगळीत पडलेला बिडाचा तवा या निमित्ताने पुन्हा वापरात येतो, याचा मला विशेष आनंद वाटतो.

चुंबकाइतकेच महत्त्व तळाच्या सपाटपणाला आहे. तळावर पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहावे. पट्टी आणि तळ यांच्या मधून रुंद फट दिसत असेल तर भांडे काचेवर डुलेल, तळ वेटोळ्यापासून दूर राहील आणि शेगडी पूर्ण शक्ती देऊ शकणार नाही. गोल बुडाची कढई या कारणाने सपाट शेगडीवर चालत नाही. तळाचा व्यासही मोजावा, आणि तो काठाकाठाने नव्हे तर प्रत्यक्ष काचेला टेकणाऱ्या भागाचा मोजावा. साधारण 12 सेंटीमीटरपेक्षा लहान तळ अनेक शेगड्या ओळखतच नाहीत, त्यामुळे दूध तापवायचे छोटे पातेले बाद होण्याची शक्यता असते.

चुंबकीय नसलेली भांडी वापरता यावीत म्हणून मध्ये ठेवायची लोखंडी चकती मिळते. ती आणीबाणीपुरती ठीक आहे, परंतु तिच्यावर रोजचा स्वयंपाक करू नये. आधी चकती तापते, मग तिच्यातून भांडे तापते, आणि या फेऱ्यात इंडक्शनचा वेग आणि बचत दोन्ही नाहीशी होतात. शिवाय तापलेली चकती काचेला बराच वेळ चिकटून राहिल्याने काच आणि तिच्याखालील यंत्रणा या दोहोंवर ताण येतो.

तपासणीअंती भांड्यांचे तीन ढीग होतील. न चालणारा ढीग लगेच टाकून देऊ नये, कारण गॅस अजून घरात आहे. रोज लागणारी चार-पाच भांडी प्रथम घ्यावीत आणि उरलेल्यांची खरोखर गरज भासते का, हे महिनाभर पाहावे.

वीजजोडणी

या टप्प्यावर काटकसर करू नये आणि घाईही करू नये, कारण येथील चूक पुढे आगीचे कारण ठरू शकते. 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे 8.7 ॲम्पिअर प्रवाह घेते आणि तो एखाद्या मिनिटापुरता न घेता पाऊण-पाऊण तास घेत राहते. दिवे आणि पंखे यांच्यासाठी असलेल्या लहान सॉकेटवर ती कधीही लावू नये. तिला 16 ॲम्पिअरचे सॉकेट, त्याला साजेशी, निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि खात्रीचे अर्थिंग हवे. जेथे घरगुती पुरवठा 120 व्होल्टचा आहे, तेथे साध्या सॉकेटवर चालणाऱ्या शेगड्या 1800 वॉटपर्यंत मर्यादित असतात, कारण तेवढ्यातच 15 ॲम्पिअर पूर्ण होतात.

ओट्यात बसवायच्या चार जागांच्या शेगडीचे गणित वेगळे आहे. अशा अनेक शेगड्यांवर 7200 ते 7400 वॉट हा आकडा दिसतो. 230 व्होल्टला 32 ॲम्पिअरने गुणले की 7360 येतात, यावरून तो आकडा कोठून आला हे कळेल. तिच्यासाठी मुख्य फलकापासून थेट आलेली स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप तुटणारा स्विच, लागतो. वायर साधारणपणे 6 चौरस मिलिमीटरची असते, परंतु नेमका आकार अंतरावर आणि वायर भिंतीतून नेली आहे की उघडी, यावर ठरतो, म्हणून हा निर्णय परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच घ्यावा. त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: घराला मंजूर असलेला वीजभार या शेगडीसह पुरेल का, अर्थिंग मोजून पाहिले का, आणि 30 मिलिॲम्पिअरला तुटणारे गळतीसंरक्षक यंत्र या जोडणीवर आहे का. मंजूर भार अपुरा असेल आणि तो वाढवून घेणे शक्य नसेल, तर एकूण शक्तीला मर्यादा घालता येणारी शेगडी शोधावी. चारही जागा एकदम पूर्ण शक्तीवर चालवण्याची वेळ नेहमीच्या स्वयंपाकात फार क्वचित येते.

एक्स्टेन्शन बोर्ड आणि अनेक प्लगांचा जोड यांना येथे थारा देऊ नये. जोडणी झाल्यावर एक साधी चाचणी स्वतः करावी. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून शेगडी पूर्ण शक्तीवर अर्धा तास चालवावी, मग ती बंद करून प्लग आणि सॉकेटचा दर्शनी भाग यांना हात लावून पाहावा. कोमट लागला तर चिंता नाही. चटका बसेल इतका गरम लागला, काळसर डाग दिसला किंवा जळका वास आला, तर आत कुठेतरी जोड सैल आहे; तो घट्ट करून घेईपर्यंत ते सॉकेट वापरू नये.

शेगडीची निवड

आता दुकानात जावे, आणि शक्य असल्यास घरातील एक पातेले सोबत न्यावे. माझा आग्रह असा आहे की पहिली शेगडी एकाच जागेची, उचलून ठेवता येणारी असावी आणि तिच्यावर काही आठवडे काढूनच ओट्याचा दगड कापण्याचा विचार करावा. कमाल वॉटपेक्षा किमान शक्तीवर शेगडी कशी वागते, हे पाहणे अधिक मोलाचे आहे. स्वस्त शेगड्या मंद आच देण्यासाठी पूर्ण शक्ती काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद करतात, त्यामुळे पाणी क्षणभर खळखळते आणि क्षणभर निपचित पडते. चांगली शेगडी खरोखरच कमी शक्ती सलग देते. सर्वांत खालच्या आकड्यावर थोडे पाणी ठेवून दोन मिनिटे निरखले की हा फरक डोळ्यांना दिसतो. दूध आणि घट्ट रस्सा ज्या घरात रोज शिजतो, त्या घराने ही एक चाचणी तरी चुकवू नये.

बटणांचा विचार स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समोर ठेवून करावा. गुळगुळीत काचेवरील स्पर्शाची बटणे पुसायला सोपी असतात, पण ओल्या हाताला ती दाद देत नाहीत आणि ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना ती सापडतच नाहीत. घरात वयस्कर माणसे स्वयंपाक करत असतील तर फिरवायची खुंटी असलेली शेगडी घ्यावी, जरी ती दिसायला कमी आकर्षक असली तरी. गॅसची ज्योत दिसत असे, म्हणून शेगडी चालू आहे हे दुरूनही कळत असे. इंडक्शनवर तो संकेत नाहीसा होतो, त्यामुळे ‘काच अजून गरम आहे’ असे सांगणारा दिवा, मुलांसाठीचे कुलूप आणि वेळ लावण्याची सोय या गोष्टी चैनीच्या समजू नयेत.

शेगडीच्या खालून किंवा मागून हवा आत घेणारा पंखा असतो. तो मोकळा राहील अशा जागी, भिंतीपासून बोटभर नव्हे तर वीतभर दूर, शेगडी ठेवावी. कापडावर किंवा प्लॅस्टिकच्या आच्छादनावर ती ठेवू नये. स्वयंपाक झाल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो, आणि तो थांबेपर्यंत प्लग काढू नये.

पहिले काही आठवडे

गॅसवर हाताला लागलेली सवय वेळेची असते: तेल तापायला इतका वेळ, तोवर भाजी चिरून होते. इंडक्शनवर ही सवय पहिल्याच दिवशी मोडते. 25 अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी उकळीला आणण्यासाठी सुमारे 314 किलोज्यूल उष्णता लागते; 2000 वॉटच्या शेगडीची कार्यक्षमता सुमारे 85 टक्के धरली, तर हे काम तीन मिनिटांच्या थोडे पुढे संपते. म्हणून भाजी आधी चिरावी, मसाले हाताशी ठेवावेत आणि मगच भांडे चढवावे.

रिकामे भांडे पूर्ण शक्तीवर कधीही ठेवू नये. वेटोळ्याच्या वरचा भाग झपाट्याने तापतो, कडा मात्र थंड असतात, आणि या ताणाने पातळ तळाचे भांडे मधून फुगते. पहिल्याच आठवड्यात माझा एक चांगला तवा असाच वाकला आणि पुन्हा कधी काचेवर स्थिर बसला नाही. बिडाचे भांडे मध्यम-मंद शक्तीवर चार-पाच मिनिटे हळूहळू तापवावे, नाहीतर ते तडकण्याची भीती असते. न चिकटणाऱ्या लेपाच्या भांड्यांबाबत तर अधिकच जपावे, कारण हा लेप सुमारे 260 अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो आणि रिकामे भांडे इंडक्शनवर तेथवर फार लवकर पोहोचते. फोडणीसाठी तेल तापवताना मध्यम आकडा पुरतो. पूर्ण शक्ती पाणी उकळण्यासाठी आहे, असे मनात पक्के धरावे.

प्रेशर कुकर लवकर दाबावर येतो. पहिली शिट्टी होताच शक्ती बरीच खाली आणावी, म्हणजे पाणी वाफ होऊन उडून जाणार नाही आणि तळाशी करपणार नाही. दाब येण्याचा वेळ कमी झाला तरी आतले अन्न शिजण्याचा वेळ कमी होत नाही, म्हणून शिट्ट्या मोजण्याऐवजी दाब आल्यानंतरची मिनिटे मोजावीत. शेगडीवर अंशांत दाखवलेल्या तापमानावर फार विसंबू नये, कारण ते मोजणारे उपकरण काचेच्या खाली असते आणि भांड्याच्या आतील तापमानाचा त्याला केवळ अंदाज येतो. आपल्या प्रत्येक भांड्यासाठी कोणत्या आकड्यावर मंद उकळी टिकते, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावावे. पंधरा दिवसांनी तो कागद लागत नाही, पण त्या पंधरा दिवसांत तो फार उपयोगी पडतो.

दोन गोष्टी मात्र या शेगडीवर होत नाहीत. ज्योतीवर थेट भाजणे शक्य नाही. त्यासाठी ओव्हन किंवा विजेची जाळी वापरावी लागते. भांडे उचलून हलवत परतण्याची सवयही बदलावी लागते, कारण भांडे काचेवरून उचलले की शक्ती लगेच थांबते आणि बराच वेळ परत आले नाही तर शेगडी बंद होते. भांड्यातून येणारी गुणगुण किंवा टिकटिक मात्र बिघाडाची खूण नाही. अनेक थरांच्या तळात ती विशेषतः ऐकू येते आणि शक्ती कमी केली की मंदावते.

काच निगुतीने वापरावी. भांडे घासत न सरकवता उचलून ठेवावे आणि काच थंड झाल्यावर ओल्या मऊ फडक्याने पुसावी. अपवाद साखरेच्या पाकाचा: तो थंड होऊन चिकटला की काचेचा टवका काढू शकतो, म्हणून शेगडी बंद करून तो गरम असतानाच चपट्या खरवडणीने, हात सांभाळून काढावा. काचेला तडा गेला तर तो कितीही बारीक असो, प्लग काढावा आणि शेगडी वापरू नये, कारण सांडलेले पाणी त्या तड्यातून विजेच्या भागापर्यंत पोहोचू शकते. चमचे, झाकणे आणि ॲल्युमिनियमचा कागद काचेवर ठेवू नये.

घरात कोणाच्या शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले असेल, तर त्या व्यक्तीने चालू शेगडीपासून किमान 60 सेंटीमीटर अंतर राखावे आणि स्वयंपाक करण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. ही चौकशी शेगडी घेण्यापूर्वीच व्हायला हवी.

ज्योत गेल्यामुळे स्वयंपाकघरातील नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा मोठा स्रोत नाहीसा होतो, आणि लहान मुले व दम्याचे रुग्ण असलेल्या घरासाठी मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो. तेलाचा धूर आणि वाफ मात्र तशीच राहते, तेव्हा खिडकी किंवा हवा बाहेर टाकणारा पंखा बंद करू नये.

खर्चाचा हिशोब ज्याने त्याने आपल्या दरांनी मांडावा, पण त्याची रीत सर्वत्र एकच आहे. एक किलो एलपीजीत साधारण 12.7 युनिटइतकी ऊर्जा असते. गॅसच्या शेगडीवर तिच्यातील 40 ते 55 टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते असे धरले, तर तेवढ्याच कामाला इंडक्शनवर सुमारे 6 ते 8 युनिट लागतात. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरसाठी हाच आकडा 5 ते 7 युनिटच्या आसपास येतो. आपल्याकडील युनिटच्या दराने या आकड्यांना गुणावे आणि गॅसच्या दराशी ताडून पाहावे.

गॅस बंद करताना

किमान एक महिना दोन्ही शेगड्या शेजारी ठेवाव्यात आणि गॅस कोणत्या कामासाठी पेटवावा लागला, हे टिपून ठेवावे. टिपणात सलग दोन आठवडे काहीच लिहावे लागले नाही, तर जोडणी काढायला हरकत नाही. वीज गेल्यावर काय करायचे, हा प्रश्न त्याआधी सोडवावा. घरगुती बॅटरीवरील इन्व्हर्टर इतका भार सहसा पेलत नाही, त्यामुळे जेथे वीज वारंवार आणि बराच वेळ जाते, तेथे एक छोटी गॅसची शेगडी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. तिची नळी आणि झडप यांची तपासणी मात्र पूर्वीइतक्याच नियमाने करावी.

नळाची जोडणी स्वतः उघडू नये. गॅस पुरवणाऱ्या संस्थेचा अधिकृत तंत्रज्ञ बोलवावा, त्याच्याकडून नळाच्या तोंडाला धातूचे पक्के टोपण बसवून घ्यावे आणि त्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून काढावा, झडपेवर सुरक्षेचे टोपण लावावे आणि सिलिंडर उभाच ठेवून लवकरात लवकर परत करावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून तळघरात किंवा बंद कपाटात सिलिंडर ठेवू नये. जोडणी रद्द झाल्याची लेखी पोच घ्यावी आणि पुढच्या देयकावर गॅसचा स्थिर आकार लागलेला नाही, याची खात्री करावी.